शिवारातली रो-हाऊस अन् ‘परवडणारी’ घरे : नकाशा मंजूर होण्याआधी बघा

तालुक्याच्या गावाकडून आपल्या गावाकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगाला काय बदलले, हे वेगळे सांगायला नको. जिथे काल-परवापर्यंत कांदा नाहीतर ज्वारी उभी होती, तिथे आता कमान उभी आहे. शेजारच्या फलकावर एका ओळीत चिकटलेल्या दोन मजली टुमदार घरांचे चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘रो-हाऊस, सर्वांना परवडतील अशा दरात’. पारावर चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, ‘‘गावाचा विकास झाला.’’ कोणी म्हणतो, ‘‘आपलं पाणी गेलं.’’ अन् पोराच्या लग्नाआधी दोन खोल्यांच्या शोधात असलेला शेतमजूर हळूच विचारतो, ‘‘आपल्याला त्यातलं एखादं मिळंल का?’’

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फलकावर नसते. ते नकाशावर असते. आणि नकाशा एकदा मंजूर झाला की ते उत्तर बदलणे फार अवघड होऊन बसते. आपल्या गावांची चूक इथेच होते. पाया खोदला, भिंती आल्या, पाण्याची ओढाताण सुरू झाली म्हणजे मग ग्रामसभेत आरडाओरडा. वरातीमागून घोडे!

परवडणारे, पण कोणाला?

आधी साधा हिशेब करू. दहा लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ९ हजार रुपये येतो. वर्षाचे झाले १ लाख ८ हजार. आता समजा नवरा-बायको दोघे मजुरीला जातात, दोघांची मिळून ८०० रुपये रोज पडते आणि वर्षात २०० दिवस काम मिळते. कमाई झाली १ लाख ६० हजार. हप्ता भरून हातात उरले ५२ हजार. त्यात पोट, शाळा, दवाखाना आणि सणवार. शिवाय पगाराची चिठ्ठी नसलेल्या माणसाला बँक दारात तरी उभी करते का, हे तुम्हीच सांगा.

म्हणजे फलकावरचे ‘परवडणारे’ हे तालुक्यातल्या नोकरदाराला परवडणारे असते. त्यात गैर काही नाही, त्यालाही घर लागतेच. पण जाहिरातीतल्या या शब्दाने बिल्डरवर कायद्याचे कोणतेही बंधन येत नाही. बंधन आणणारा नियम वेगळा आहे.

वीस टक्क्यांचा नियम

मुंबई आणि काही खास क्षेत्रे सोडून राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. त्यात सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. तिचा उगम २०१३ सालच्या अधिसूचनेत सापडतो. तरतूद थोडक्यात अशी : ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर घरांचा प्रकल्प आला, तर त्यातला २० टक्के हिस्सा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा. प्लॉट पाडून विकायचे असतील तर ३० ते ५० चौरस मीटरचे छोटे प्लॉट. घरे बांधून विकायची असतील तर तेवढ्याच आकाराची छोटी घरे, म्हणजे साधारण सव्वातीनशे ते साडेपाचशे चौरस फुटांची. त्यांची किंमत बाजारभावाने लागत नाही, सरकारी दराच्या हिशेबाने ठरते आणि लाभार्थी ठरतो म्हाडाच्या सोडतीतून.

ऐकायला चांगले वाटते. पण त्यात तीन खाचा आहेत.

पहिली खाच हद्दीची. हा नियम मुख्यतः १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांसाठी आणि मोठ्या शहरांभोवतीच्या काही महानगर क्षेत्रांसाठी आहे. पुण्यात २०२१ साली २३ गावे पालिकेत गेली, तसे तुमचे गाव मोठ्या पालिकेत गेले तर तो तुम्हाला लागू होतो. एखाद्या लहान तालुक्याच्या गावाला खेटून असाल तर बहुधा नाही. म्हणून पहिला प्रश्न नगररचना कार्यालयात विचारायचा : आमचा गट या नियमात बसतो का? उत्तर लेखी घ्या.

दुसरी खाच गुंठ्यांची. ४ हजार चौरस मीटर म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे, जवळजवळ एक एकर. आता पाच एकरांच्या गटाचे कोणी ३९-३९ गुंठ्यांचे तुकडे पाडले, वेगवेगळ्या नावांवर वेगवेगळे नकाशे टाकले, तर कागदावर एकही प्रकल्प नियमात बसत नाही. वसाहत एकच, कमान एकच, रस्ताही एकच, पण गरिबाचे घर शून्य. एकाच गटातून लागोपाठ आलेले ३८-३९ गुंठ्यांचे प्रस्ताव दिसले तर ते ओळखायला इंजिनिअर लागत नाही. सातबारा आणि फेरफार वाचता येणारा कोणीही ते ओळखू शकतो. आणि वाटणीचे फेरफार कधी झाले, हे तलाठी कार्यालयाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

तिसरी खाच ताब्याची. नकाशावर छोटी घरे दाखवली म्हणजे ती गरिबाला मिळालीच असे नाही. नाशिक महापालिका हद्दीतली अशी घरे आणि भूखंड म्हाडाकडे पोहोचलेच नाहीत, हा आरोप २०२२ साली विधान परिषदेत गाजला आणि प्रकरण आयुक्तांच्या बदलीपर्यंत गेले. इतक्या मोठ्या शहरात, इतकी वर्तमानपत्रे असताना ही गत, तर खेड्याच्या शिवारात कोण विचारणार? आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही घरे सोडतीची असल्याने ती तुमच्याच गावच्या मजुराला मिळतील असे नाही. त्याने अर्ज केला तरच त्याचे नाव सोडतीत येणार. अर्ज कधी निघतो, कागद कोणते लागतात, हे गावात कळवणे हे ग्रामपंचायतीचे काम समजा.

मंजुरी कोण देते, गावाचे काय चालते?

गावठाणाबाहेरच्या बांधकामाला सरपंच परवानगी देत नाही, हे आधी स्पष्ट करू. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात ती जिल्हाधिकाऱ्यांकडून किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या महसूल अधिकाऱ्याकडून येते आणि तिला नगररचना खात्याचा अभिप्राय लागतो. महानगर प्राधिकरणाच्या हद्दीत ते प्राधिकरण देते. अलीकडच्या दुरुस्त्यांनी बिनशेती परवानगीची वेगळी पायरी पातळ होत गेली आहे. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे आता छाननीची खरी जागा एकच उरली, ती म्हणजे नकाशाची तपासणी.

‘‘मग आमच्या हातात काय राहिलं?’’ असे म्हणून बसू नका. पाण्याची जोडणी, सांडपाण्याची वाट आणि गावचा रस्ता यांसाठी बिल्डरला ग्रामपंचायतीच्या दारात यावेच लागते. त्या वेळी न वाचता दिलेला ना-हरकत दाखला म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठा. दाखला मागायला आला की आधी पूर्ण नकाशा मागा, ग्रामसभेत भिंतीवर लावा आणि मगच ठराव करा. नकाशा मिळत नसेल तर दहा रुपयांच्या फीवर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर देणे कार्यालयाला बंधनकारक आहे.

नकाशा भिंतीवर लागला की काय बघाल?

पाणी : ६० घरांत पाच-पाच माणसे धरली तर ३०० माणसे वाढली. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने रोज साडेसोळा हजार लिटर. शहरी वसाहतीच्या १३५ लिटरच्या मापाने साडेचाळीस हजार, म्हणजे दहा हजारी टँकरच्या चार खेपा. तुमची नळयोजना किती लोकसंख्येवर आखली आहे, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (म्हणजे आपले जुने ग्रामसेवक भाऊसाहेब) विचारा. वसाहतीची बोअर कोणाच्या विहिरीजवळ पडते, तेही बघा.

सांडपाणी : नकाशावरची सांडपाण्याची रेघ कुठे संपते? ओढ्याला जाऊन संपत असेल तर ती खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीत संपते, असे समजा.

ओढा आणि शिवरस्ता : सपाटीकरणात चर बुजवला की पहिल्याच वळवाला पाणी शेजारच्या रानात घुसते. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा पाट अडवला तर मामलेदार कोर्ट कायदा १९०६ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. सातव्या महिन्यात जाऊ नका.

मोकळी जागा : ४ हजार चौरस मीटरवरच्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती ओढ्याकाठच्या खड्ड्यात दाखवली आहे की पोरांना खेळता येईल अशी आहे, हे जाग्यावर जाऊन बघा.

छोटी घरे : नियम लागू असेल तर ती कुठे दाखवलीत? रस्ता, नळ आणि वीज तिथपर्यंत जाते का, की कोपऱ्यात ढकलून दिलीत?

जे घर घेणार आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन आणि आठाहून जास्त घरे असतील तर महारेरा नोंदणी सक्तीची आहे. मंजूर नकाशा तिथे पाहायला मिळतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे. तो मालकीचा पुरावा नाही आणि बांधकामाची परवानगी तर नाहीच.

नियम लागू नसलेल्या गावांचे काय?

आपल्यातली बहुतेक गावे याच रांगेत आहेत. तिथे वीस टक्के मागता येत नाहीत, पण वसाहतीचा परिणाम मात्र चुकत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. ज्याला जागाच नाही त्याला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी १ लाखापर्यंत मदत आहे. म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा. शेजारी कमान उभी राहिली की गुंठ्याचा भाव उड्या मारतो आणि त्या एका लाखात अर्धा गुंठा मिळेनासा होतो. मग मंजूर घरकुल जागेअभावी परत जाते आणि मजूर कुठल्या तरी बेकायदा गुंठेवारीत, ना रस्ता ना गटार, अशा जागी जाऊन पडतो. त्या वस्तीचा भार पुन्हा ग्रामपंचायतीच्याच डोक्यावर.

म्हणून गावात बेघर आणि भूमिहीन किती, याची यादी आजच काढा. जमिनीचे भाव चढण्याआधी त्यांच्या जागेचे प्रस्ताव पंचायत समितीकडे गेले पाहिजेत.

जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. शेतीत भागत नाही म्हणून तो विकतो. वसाहतीला नुस्ता विरोध करूनही भागणार नाही, घरे तर लागणारच आहेत. प्रश्न एवढाच की, ज्या मजुराने ते रान आयुष्यभर खुरपले, त्याच्यासाठी त्याच शिवारात दोन खोल्या निघतात की नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या आणि नकाशा मागवून घ्या. गाव करी ते राव न करी, हे आपण नुस्ते म्हणत आलो. एकदा करून बघायला काय हरकत आहे?