दैवी कोप आणि मानवी जबाबदारी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून माणसे नुकतीच निजली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाला. सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. ज्या देवाला रात्री वाजतगाजत निरोप दिला, त्याने पहाटेपर्यंत गाव का राखले नाही? हा प्रश्न पडायला नास्तिक असण्याची गरज नव्हती. श्रद्धावंताच्याच काळजाला तो अधिक बोचणारा होता.

त्याच वर्षाचा आरंभ मुंबईत रक्तपाताने झाला होता. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींत ९०० माणसे मारली गेल्याचे श्रीकृष्ण आयोगाने नोंदविले. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांनी आणखी २५७ बळी घेतले. दंगलीत तर देवाच्या नावाचा जयघोष करीतच माणसे माणसांवर चालून गेली. या हत्यांचा जाब देवाला विचारणे म्हणजे मारेकऱ्याला आणि त्याला चिथावणाऱ्याला मोकळे सोडणे होय. पण भूकंपाचे काय? तेथे तर कोणा माणसाचा हात नव्हता!

या प्रश्नाला ‘पापाची शिक्षा’ हे तयार उत्तर फार जुने आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाचा ईश्वरी दंड असल्याचे म्हटले. हेतू उदात्त होता. तरीही रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. नैसर्गिक आपत्तीची कारणे निसर्गातच शोधली पाहिजेत, आणि हाच युक्तिवाद उलटवून सनातनी मंडळी अस्पृश्यतानिवारणालाच पाप ठरवू शकतील, असे त्यांनी बजावले. गांधीजींनी तो विरोध ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपली श्रद्धाही सोडली नाही. मतभेदाची ही रीत अनुकरणीय आहे. परंतु त्या वादात सत्य रवींद्रनाथांच्या बाजूला होते. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या तान्ह्या मुलाचे पाप कोणते, याचे उत्तर दंडाच्या सिद्धांतापाशी नाही.

किल्लारीत जमीन हादरली ती निसर्गनियमाने. माणसे मात्र मुख्यतः चिरडली गेली ती दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि मातीचे जड थर पेलणाऱ्या माळवदांखाली. कुडाच्या हलक्या झोपड्या अनेक ठिकाणी तगल्या. ऑक्टोबर १९९२ पासून त्या भागात धक्के जाणवत होते; पण भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेला प्रदेश अशीच त्याची सरकारी नोंद होती. सुरक्षित घराचे ज्ञान उपलब्ध असूनही ते शेतकऱ्याच्या दारापर्यंत का पोहोचले नाही, त्याला परवडेल असे ते का झाले नाही, हे प्रश्न देवाला विचारावयाचे नसून राज्यकर्त्यांना व समाजव्यवस्थेला विचारावयाचे आहेत. ‘प्राक्तन’ हा शब्द उच्चारला की ही सारी चौकशीच थांबते; म्हणूनच तो सत्ताधाऱ्यांना नेहमी सोयीचा वाटतो.

कार्यकर्त्याचे कर्तव्य यातून स्पष्ट होते. सर्वस्व गमावलेल्या माणसापुढे ईश्वराच्या अस्तित्वावर वाद घालणे हा पुरोगामीपणा नव्हे, तो निर्दयपणा आहे. त्याची श्रद्धा टिकेल किंवा ढळेल. तो निर्णय त्याचा आहे. परंतु मृत्यूंची कारणे श्रद्धेच्या पडद्याआड लपू देणे हीही त्याच्याशी प्रतारणाच ठरेल. त्याच्याबरोबर ढिगारा उपसावा, त्याचे दुःख ऐकून घ्यावे, आणि योग्य वेळी त्याच्यासह भिंतीचा, मदतीच्या वाटपाचा व पुनर्वसनाचा हिशेब मागावा. देव आहे की नाही, याचा निकाल माणसाला कदाचित कधीच लागणार नाही. पुढच्या भूकंपात कोणाची घरे उभी राहतील, याचा निकाल मात्र माणसांनीच लावावयाचा आहे.