दुसऱ्या वाढदिवसाचें खेळणें

चिखली तालुक्यांतील एका भगिनींचें पत्र गेल्या पंधरवड्यांत आम्हांस आलें. घरांत लहानथोर मिळून तेरा माणसें. त्यांत दोन वर्षांचें होऊं घातलेलें मूल एकच. वाढदिवस पुढच्या महिन्यांत. औक्षण तिथीनें करावयाचें कीं तारखेनें, हा वाद सासूबाईंनीं दोन्ही दिवशीं करावयाचें असें ठरवून मिटविला आहे. परंतु आजोबा, दोघे काका, आत्या आणि मामा हे सर्व आपापलें खेळणें आणणार. तेव्हां कोणास काय सुचवावें आणि कोणाचा मान न दुखवितां तें कसें सुचवावें, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्याहून अवघड आहे, हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

आमच्याच घरीं घडलेली एक गोष्ट सांगतों. खामगांवची चांदी वऱ्हाडांत नांवाजलेली. आमच्या मातोश्रींजवळ त्यांच्या माहेरून आलेला खामगांवचा चांदीचा खुळखुळा होता. आम्हीं तो वाजविला, आमच्या मुलांनीं वाजविला. नातवाच्या पहिल्या वाढदिवशीं मातोश्रींनीं तो घांसूनपुसून लखलखीत केला व मोठ्या कौतुकानें पणतूच्या हातीं दिला. पिढ्यान्‌पिढ्या दांतांखालीं गेलेल्या त्या खुळखुळ्याचें एक घुंगरूं झिजलेल्या कडींतून केव्हां सुटलें, तें कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. मूल एकाएकीं गप्प झालें. खोकला नाहीं, रडणें नाहीं. ओठ मात्र काळवंडूं लागले. सूनबाईंनीं प्रसंगावधान राखून त्यास मांडीवर पालथें घेतलें, डोकें खालीं केलें आणि दोन्ही खांद्यांच्या मध्यें तळहातानें नेटानें धपके दिले. चौथ्या कीं पांचव्या धपक्यास घुंगरूं फरशीवर पडलें. घरांतील एक वडील माणूस त्या वेळीं मुलाच्या घशांत बोट घालावयास धांवलें होतें, आणि तें माणूस म्हणजे आम्हीच, हें कबूल केलें पाहिजे. न दिसणारी वस्तु चांचपडत काढूं गेल्यास ती अधिकच आंत जाते. हे प्रथमोपचार कोणा जाणत्या परिचारिकेकडून घरांतील प्रत्येकानें एकदां शिकून घ्यावे. लोणार-सिंदखेडराजाकडील घरांपासून बुलढाण्याचें जिल्हा रुग्णालय कांहीं हांकेच्या अंतरावर नाहीं.

त्यानंतर आठ दिवस मातोश्री कोणाशीं धड बोलल्या नाहींत. कोणीं त्यांस एका शब्दानेंही दोष दिला नव्हता. पण "माझ्याच हातानें दिला" एवढेंच त्या पुनःपुन्हां म्हणत. खेळणें निवडण्याचा विषय आम्हांस तेव्हांपासून किरकोळ वाटत नाहीं.

तीन वर्षांखालील मूल हातांत आलेली वस्तु तोंडांत घालणारच. ती त्याची ओळख करून घेण्याची रीत आहे. त्याबद्दल त्यास रागें भरण्यांत अर्थ नाहीं. यासाठीं सर्वत्र मान्य झालेली एक सोपी परीक्षा आहे. सव्वा इंच, म्हणजे ३१.७ मिलिमीटर, व्यासाची आणि सुमारें दोन इंच लांबीची पुठ्ठ्याची नळी घरींच करावी. खेळणें किंवा त्याचा सुटणारा भाग त्या नळींत पूर्ण मावला, तर तें या वयाचें नव्हे. चेंडू पावणेदोन इंचांहून लहान नसावा. चिंचोके, हरभरे वा तुरीचे दाणे भरून घरीं केलेले खुळखुळे तर मुळींच नकोत. असा दाणा श्वासनलिकेंत गेल्यास ओलाव्यानें फुगतो. गुंजांविषयीं अधिकच सावध असावें. दिसावयास सुंदर, परंतु चावून फुटली तर ती विषारी असते. आणि हल्लींच्या गाणाऱ्या, चमकणाऱ्या खेळण्यांत गुंडीएवढा चपटा सेल असतो, तो गिळला गेल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजून काढूं शकतो. त्याचें झांकण स्क्रूनें घट्ट बसविलेलें नसेल, तर तें खेळणें दुकानांतच राहूं द्यावें.

रंगाचें काय? लांकडावरील चकचकीत रंगांत शिसें असूं शकतें, आणि तें मुलाच्या मेंदूस घातक आहे. भारतांत १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांस आयएसआय चिन्ह सक्तीचें झालें. तें पाहून घ्यावें. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांस यांतून सूट असल्यामुळें सावंतवाडीच्या किंवा चन्नपट्टणच्या लांकडी वस्तूवर चिन्ह दिसलें नाहीं म्हणून ती वाईट ठरत नाहीं. चन्नपट्टणचे कारागीर लाखेंत वनस्पतीचे रंग मिसळून काम करीत आले आहेत. मात्र रंग कशाचा, हें विक्रेत्यास विचारावें, आणि उत्तर नीट न मिळाल्यास बिनरंगी लांकूड पत्करावें.

आतां संख्येकडे वळूं. टोलेडो येथील अमेरिकन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१८ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांस त्यांनीं एकदां ४ व एकदां १६ खेळण्यांसह खेळावयास बसविलें होतें. चारच असतां मुलें एकेका खेळण्याशीं अधिक वेळ रमलीं आणि तें अधिक प्रकारांनीं हाताळूं लागलीं. तेरा माणसांच्या घरांत प्रत्येकाचें एक याप्रमाणें ढीग झाला, तर मूल एकही धड हातांत धरणार नाहीं. बरें, त्या ढिगांतील मोटार आपणच धांवते, आपणच दिवे लावते, वर गातेही. मुलानें करावयाचें काय तें बटन दाबून पाहत बसणें. मूल काम करील व खेळणें स्वस्थ राहील, असें खेळणें आम्ही उत्तम समजतों.

विवाहानंतर कांहीं काळ आपल्या अमरावतीस राहिलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस खेड्यांतील मुलांकरितां बालशिक्षणाचें काम उभें केलें, तेव्हां महागडीं माँटेसरी साधनें त्यांना परवडण्याजोगीं नव्हतीं. त्यांनीं शिंपले, खडे, पानें, फुलें घेऊन काम चालविलें. दोन वर्षांच्या मुलास शिंपले-खडे अर्थात् देतां येणार नाहींत. पण एकांत एक बसणारे तीन-चार स्टीलचे डबे कोणत्या स्वयंपाकघरांत नाहींत? भरणें, ओतणें, झांकण लावणें, एकावर एक उतरंड रचणें यांत आमचा नातू सकाळचा तास तास घालवितो. आवाज फार होतो, ही तक्रार खरी आहे.

पत्रलेखिका भगिनींस आमची सूचना अशी. बोलणें सासूबाईंकडून व्हावें. सुनेनें सुचविणें व सासूबाईंनीं सांगणें यांत आपल्याकडे अजून पुष्कळ अंतर आहे. दोघां काकांनीं मिळून मोठ्या लांकडी ठोकळ्यांचा एकच संच आणावा. आत्यांनीं जुन्या मऊ लुगड्याची, वऱ्हाडी कापूस भरलेली बाहुली शिवावी. डोळे मणी किंवा गुंड्यांचे न लावतां दोऱ्यानें भरावे. आजोबांनीं जाड पुठ्ठ्याचें चित्रांचें पुस्तक आणून तें रोज मांडीवर घेऊन दाखवावें. त्यांना चांदीचें कांहीं द्यावयाची हौस असेल, तर वाटी-चमचा द्यावा. आमच्या मातोश्रींचा खुळखुळा आतां देवघरांत असतो. नातवाच्या दुसऱ्या वाढदिवशीं औक्षणाच्या वेळीं त्यांनीं त्यास मांडीवर घेऊन, आपला हात वर ठेवून, तो दोनदां वाजविला आणि पुन्हां देव्हाऱ्याजवळ ठेवून दिला.

राहिले मामा. ते नागपुरास असतात असें पत्रांत आहे. नागपूर-वर्ध्याकडे तान्ह्या पोळ्यास मुलें चाकांचे लांकडी नंदी ओढीत नेतात. तसा लहानसा नंदी त्यांनीं आणावा. नुकतें पक्कें चालूं लागलेल्या मुलास मागें येणाऱ्या वस्तूसारखें दुसरें सुख नाहीं, आणि पोळ्याचे मातीचे बैल त्यानें पूजेंत पाहिलेलेच असतील. दोरी आखूड ठेवावी, गळ्याभोवती तिचा वेढा पडतां कामा नये. चाकें ओढून सुटत नाहींत ना, तें पाहावें. गळ्यांतील घुंगुरमाळ आधींच काढून टाकावी. आणि शिंगें टोंकदार असल्यास गांवांतील सुताराकडून बोथट करून घ्यावीं. पांच मिनिटांचें काम आहे.