वयाची सवलत: मेहरबानी की हिशेब?

आपल्यापैकी बहुतेकांनी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर मासळी बाजारात. फार तर कुणी गुलमर्गला जाऊन आलं असेल. मग अमेरिकेतल्या स्की रिसॉर्टचा सीझन पास कोणत्या वयाला कितीला मिळतो, याची उठाठेव मराठी मुसलमानाने कशाला करावी, असं तुम्ही विचाराल. उत्तर साधं आहे. वय बघून सवलत देणं म्हणजे नेमकं काय, हे तिथे अगदी उघडं दिसतं. तिथे सरकारी योजना नाही, निवडणूक नाही, मंत्र्याचा फोटो नाही. नुसता व्यापार आहे. आणि त्या व्यापाराची भाषा आता आपल्या रेल्वेच्या तिकीट खिडकीपर्यंत येऊन पोहोचली आहे.

आधी दर पाहू. व्हेल रिसॉर्ट्स ही अमेरिकेतली या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी. तिने २००८ साली 'एपिक पास' काढला, ५७९ डॉलरला. एकदा पैसे भरा आणि हिवाळाभर कंपनीच्या डोंगरांवर हवं तेवढं स्कीइंग करा. २०२५-२६ च्या हंगामासाठी हाच पास विक्रीला आला तेव्हा मोठ्या माणसाचा दर होता १,०५१ डॉलर आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलाचा ५३७ डॉलर. चार वर्षांपर्यंतचं मूल फुकट. ५ ते १२ हा आकडा ओळखीचा वाटला ना? आपल्या एसटीचं हाफ तिकीटही ५ ते १२ चंच. पण एसटीत पूर्ण तिकीट लागलं तर काही रुपये वाढतात. तिथे त्या हंगामात मुलगा १३ वर्षांचा झाला की बापाचा खर्च एका झटक्यात ५१४ डॉलरनी वाढत होता.

म्हणजे त्या दरपत्रकात १३ वर्षांचा मुलगा 'प्रौढ' झाला. त्याला गाडी चालवता येत नाही, मत देता येत नाही, नोकरी करता येत नाही. पण पाससाठी तो प्रौढ. गंमत अशी की याच कंपनीचा 'लोकल' नावाचा एक स्वस्त पास आहे, ज्यावर गर्दीचे काही दिवस चालत नाहीत. तिथे किशोरवयीनांसाठी वेगळा दर ठेवलेला होता. शेजारच्या दुकानात जा. प्रतिस्पर्धी कंपनीचा 'आयकॉन पास' २०१८-१९ च्या हंगामापासून आला. त्याने १३ ते २२ वर्षांचा 'तरुण प्रौढ' असा गट काढला आणि खरा प्रौढ २३ पासून धरला. एकच मुलगा, एकच हिवाळा. एका पासवर तो प्रौढ, दुसऱ्यावर किशोर, तिसऱ्यावर अर्धा-मुर्धा.

बालिग कधी व्हायचं, यावर आपल्या फकीहांनी पानंच्या पानं लिहिली. मतभेदही झाले. पण ती सगळी चर्चा मुलाकडे बघून झाली, त्याच्या शरीराकडे, त्याच्या समजुतीकडे. या दरपत्रकात मुलाकडे कुणीच बघत नाही. बघतात ते बापाच्या पाकिटाकडे.

हा हिशेब कसा चालतो तेही समजून घेऊ. डोंगरावर माणसं नेणारी लिफ्ट दिवसभर फिरतच असते. खुर्चीत कुणी बसो न बसो, वीज तेवढीच जळते, पगार तेवढाच द्यावा लागतो. रिकाम्या जाणाऱ्या खुर्चीत एक पोर बसलं तर कंपनीचा खर्च जवळपास शून्य. शिवाय सहा वर्षांचं पोर एकटं येत नाही. ते आईबापाला घेऊन येतं, आणि आईबाप खोली घेतात, जेवतात, बूट आणि स्की भाड्याने घेतात, पोराला स्की-शाळेत घालतात. पासवर सोडलेले पैसे या वाटेने परत येतात. आणि लहानपणी लागलेली सवय पुढची चाळीस वर्षं गिऱ्हाईक बांधून ठेवते. आपल्याकडचा खेळणीवाला पोराला फुकट शिट्टी देतो, त्यातलंच हे शहाणपण. शिट्टी देणाऱ्याला कुणी दानशूर म्हणत नाही.

अर्थशास्त्रात याला जुनं नाव आहे. आर्थर पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली किंमत-भेदाच्या तीन पायऱ्या मांडल्या. गिऱ्हाइकांचे ओळखू येतील असे गट पाडायचे आणि ज्या गटाची जेवढी ताणायची तयारी आहे तेवढी किंमत लावायची, ही त्यातली तिसरी. लहान मूल, विद्यार्थी, म्हातारा हे असेच गट. सवलत मिळते ती हातचं सुटून जाईल अशा गिऱ्हाइकाला. ज्याला परवडत नाही त्याला ती मिळेलच असं नाही. या दोन गोष्टी कधी कधी एकाच माणसात असतात, म्हणून फसगत होते.

म्हाताऱ्यांचं उदाहरण घ्या. एकेकाळी अमेरिकेतल्या बऱ्याच डोंगरांवर सत्तरी ओलांडलेल्याला फुकट स्कीइंग करता यायचं. १९७७ साली तिथे सत्तरीच्या पुढच्यांचा स्की क्लबसुद्धा निघाला. तेव्हा त्या वयात बर्फावर उतरणारे थोडे होते, आणि ते बहुधा आठवड्याच्या मधल्या दिवशी, रिकाम्या लिफ्टवर यायचे. त्यांना फुकट सोडणं सोपं होतं, वर कौतुकही व्हायचं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी त्या वयाला पोहोचली. गुडघे बदलून घेतलेली, पेन्शनवाली, हाताशी वेळ असलेली. म्हातारा आता चांगलं गिऱ्हाईक झाला होता. आज एपिक आणि आयकॉनच्या मुख्य पासवर ज्येष्ठांसाठी वेगळा दर नाही. काही छोट्या, प्रादेशिक पासांवर तो उरला आहे. युटाहमधल्या अल्टासारख्या ठिकाणी ८० पूर्ण झाली की फुकट. फ्रान्समधल्या अनेक डोंगरांवर पंचाहत्तरीनंतर पास फुकट किंवा नाममात्र आहे. हे चांगलंच आहे, पण ८० व्या वर्षी बर्फावरून घसरणारे किती असणार? माणसं कमी उरतात तिथे आदर वाढतो, हे जरा ध्यानात घ्या.

आता खरा भेद कुठे आहे ते सांगतो. तो वयाच्या रकान्यात नाहीच. हा पास वसंतात विकायला काढतात, पुढच्या हिवाळ्यासाठी. मग पायरीपायरीने दर वाढवत नेतात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद करतात. त्यानंतर जो येईल त्याने रोजचं तिकीट काढायचं. व्हेलच्या डोंगरावर गर्दीच्या दिवशी ते ३०० डॉलरच्या वर गेलं आहे. चार दिवसांचं तिकीट काढलं तर अख्ख्या हंगामाच्या पासाएवढे पैसे गेले. थोडी रक्कम भरून बाकीची नंतर द्यायची सोय आहे, हे कबूल. पण ज्याला पुढच्या हिवाळ्यात नोकरी असेल की नाही हेच माहीत नाही, तो एप्रिलमध्ये कशाच्या भरवशावर बांधून घेणार? बर्फ पडो न पडो, कंपनीचे पैसे आधीच जमा. धोका गिऱ्हाइकाच्या गळ्यात. आपल्याकडे महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्याला साखर स्वस्त पडते आणि रोज पावशेर नेणाऱ्या बाईला महाग. तोच न्याय बर्फावर. वयाच्या सवलतीची पाटी मोठ्या अक्षरात लावली की या दुसऱ्या भेदाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की स्कीइंग ही चैन आहे, न परवडणाऱ्याने करू नये, त्यात अन्याय कसला? मलाही स्कीवाल्यांसाठी रडायचं नाही. पण डोंगर कुणाचा, ते विचारा. व्हेल आणि ब्रेकनरिज ही कोलोरॅडोतली प्रसिद्ध ठिकाणं व्हाइट रिव्हर या राष्ट्रीय जंगलाच्या जमिनीवर आहेत. मालक अमेरिकेची जनता. कंपनी परवान्यावर ती वापरते आणि फी भरते. जनतेच्या डोंगरावर कुणी चढायचं हे कंपनीच्या दरपत्रकाने ठरत असेल, तर तो प्रश्न सगळ्यांचा झाला.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. वय ओळखपत्रावर दिसतं, गरिबी दिसत नाही. तिकीट खिडकीवरच्या माणसाने कुणाकुणाचं उत्पन्न तपासायचं? पण त्याच देशात १९४६ पासून शाळेतल्या जेवणाची योजना आहे. कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर मुलाला जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. म्हणजे कोणत्या पोराला परवडत नाही, हे तिथल्या शाळेला माहीत असतं. शिक्षक म्हणून सांगतो, आपल्या शाळेलाही माहीत असतं. माझ्या वर्गात सगळी पोरं तेरा-चौदाची. एकाच बाकावर बसलेल्या दोघांची वयं सारखी असतात, पण सहलीची वर्गणी मागितली की एक हात वर करतो आणि दुसरा वहीत डोकं घालतो. वय हे सोयीचं माप आहे, एवढंच म्हणा. त्याला माणुसकी म्हणू नका.

आपल्या परंपरेत ही मापं वेगवेगळी ठेवली आहेत. जकात कुणावर फर्ज, हे वयावर सोडलेलं नाही. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदीचा निसाब आहे आणि त्यावर वर्ष उलटावं लागतं. नाबालिगाच्या मालावर जकात आहे की नाही, यावर कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी यांचं मत वेगळं आहे. शाफई म्हणतात, माल आहे तर जकात आहे. हनफी म्हणतात, त्याच्यावर अजून फर्जच नाही. पण गरीब कोण हे ठरवताना कुणीही वय विचारत नाही. रमजानात रोजा झेपत नाही अशा म्हाताऱ्याला फिदिया देण्याची मुभा आहे. तिथेही साठ की सत्तर असा आकडा नाही. झेपतं की नाही, एवढाच प्रश्न.

आणि म्हातारपणाचा हक कशावर उभा आहे? काझी अबू युसुफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये हजरत उमर यांचा किस्सा आहे. एका दारात एक आंधळा म्हातारा भीक मागताना त्यांना दिसला. विचारल्यावर कळलं की तो यहुदी आहे आणि जिझिया, गरज व वय यांनी त्याला हात पसरायला लावलं आहे. हजरत उमर त्याला घरी घेऊन गेले, जवळचं काही दिलं आणि बैतुलमालच्या खजिनदाराला निरोप पाठवला की याची आणि याच्यासारख्यांची काळजी घ्या. तरुणपणी याच्याकडून घेतलं आणि म्हातारपणी याला वाऱ्यावर सोडलं तर तो इन्साफ नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा मतलब होता. त्याचा जिझिया माफ झाला. तो आपल्या धर्माचा नव्हता, त्याच्याकडून पुढे काही मिळणार नव्हतं. तरी त्याचा हक मानला गेला.

स्की कंपनी या दोन्ही मापांत बसत नाही. ती ऐपत विचारत नाही, आणि चाळीस वर्षं पास काढणाऱ्याचं देणंही मानत नाही. ती कंपनी आहे, तिच्याकडून मी बैतुलमालची अपेक्षा धरत नाही. माझं भांडण आहे ते लोकांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्था हीच भाषा बोलू लागतात तेव्हा.

आपल्या रेल्वेत साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि ५८ वर्षांच्या बाईला ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाचं कारण देऊन ती थांबवली. करोना गेला, सवलत परत आली नाही. संसदेत उत्तर मिळालं की प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सवलत आधीच मिळते आहे. म्हणजे आयुष्यभर कर भरलेला, याच रेल्वेत उभ्याने प्रवास केलेला हमाल आणि कालपरवा कमवायला लागलेला पोरगा, दोघे एकाच ओळीत. कुणी म्हणेल, पैसेवाल्या म्हाताऱ्याला कशाला सवलत? ठीक. मग निसाब लावा, ऐपत बघा, पण सगळ्यांचीच काढून घेऊ नका. त्याच महाराष्ट्रात एसटीने ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास दिला आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट ठेवलं. एसटीची तिजोरी रेल्वेपेक्षा काही भरलेली नाही.

एसटीतल्या त्या म्हाताऱ्याला 'फुकट्या' म्हणून हसणारे कंडक्टर आणि सहप्रवासी मी पाहिले आहेत. त्यांनी आणि आपण सगळ्यांनीच हे समजून घ्यावं की तो भीक घेत नाही, त्याचं येणं वसूल करतो आहे. रेल्वेकडेही ते येणं बाकी आहे. ते मागताना ज्येष्ठांच्या 'आदरा'ची भाषा वापरू नका. हक म्हणून मागा. पुढच्या वेळी खासदार मोहल्ल्यात येतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा: मार्च २०२० मध्ये थांबवलेली सवलत कोणत्या तारखेपासून सुरू करताय?