पॅनल बसेल, पण डीपीचं काय?

बालाघाटकडच्या गावात छतावर पॅनल बसवायचं ठरलं की पहिली चौकशी सबसिडीची होते. ते साहजिक आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजार रुपये मिळतात. पण बिलावरचा ‘स्वीकृत भार’ हा रकाना फारसं कुणी वाचत नाही. साध्या घरात तिथे बहुधा एखादाच किलोवॅट असतो. छतावर तीन चढवायचे तर तोही वाढवावा लागतो.

याची सोय कायद्यात झाली आहे. त्याच महिन्यात केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम दुरुस्त केले. दहा किलोवॅटपर्यंतचा अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरायचा आणि भार वीज कंपनीनेच वाढवायचा. पाच किलोवॅटपर्यंतच्या सौरसंचासाठी लाइन किंवा डीपी (ट्रान्सफॉर्मर) मजबूत करावी लागली, तर तो खर्चही कंपनीचाच. नियम चांगला आहे, ग्राहकाच्या बाजूचा आहे.

पण खांबावरची डीपी बहुतेक ठिकाणी जुनीच आहे. धानकापणीच्या दिवसांतली दुपार घ्या. घरं बंद, माणसं शेतावर, ऊन कडक. पॅनल वीज बनवतंय आणि आसपास वापरणारं कुणी नाही. बारीक तारेच्या लांबच लांब लाइनवर व्होल्टेज चढतं, मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. ऐन उन्हात वीज वाया जाते, आणि सगळ्यात जास्त फटका लाइनीच्या शेवटच्या घराला बसतो. लाइट गेली तरी हेच. बॅटरी नसेल तर पॅनल असूनही पंखा थांबतो. लाइनमनच्या जिवासाठी ते तसंच हवं, पण विकणाऱ्याने हे आधी सांगायला नको का?

शेजारच्या गोंदियाला लागू असलेल्या महाराष्ट्राच्या 2019 च्या नियमांत एका डीपीवरची एकूण सौरक्षमता तिच्या 70 टक्क्यांपर्यंत धरली आहे. त्यापुढे अभ्यास करूनच परवानगी. म्हणजे 25 केव्हीएच्या डीपीवर तीन-तीन किलोवॅटची पाच घरं बसतात, सहावं अडतं. आणि आधीची पाच घरं कुणाची असतात? ज्यांच्या हाती पैसा आधी आला त्यांची. मजुरी करून चार वर्षांनी पैसे जमवणाऱ्याला ‘आता जागा नाही’ हे उत्तर मिळणार असेल, तर ते मला अन्यायाचं वाटतं.

जबलपूरच्या पूर्व क्षेत्र वितरण कंपनीने प्रत्येक डीपीची क्षमता, तिच्यावर जोडलेले सौरसंच आणि शिल्लक जागा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. जिथे अर्ज वाढताहेत तिथली डीपी अर्ज अडण्याआधी बदलावी. सबसिडीइतकाच हा खर्चही योजनेचा भाग मानला पाहिजे.

वाचकांना एवढंच सांगणं: अर्ज करताना भारवाढीचं लेखी घ्या. पाच किलोवॅटच्या आतल्या संचासाठी कुणी डीपीचे पैसे मागितले तर 2024 ची दुरुस्ती दाखवा. आणि येत्या ग्रामसभेत डीपीची क्षमता वाढवण्याचा ठराव मांडा.