भोगवटादाराचे नाव विचारा

३१ डिसेंबर २०२३ च्या दुपारी आमची गाडी भीमा कोरेगावला निघाली. नगर नाका, छोटे पंढरपूर, वाळूज, हा नेहमीचाच रस्ता. गाडीवर निळे झेंडे, आत भीमगीते, मागच्या सीटवर भाकऱ्यांची गाठोडी. त्याच दिवशी पहाटे दोन-सव्वादोनच्या सुमारास, याच रस्त्याला लागून असलेल्या वाळूज औद्योगिक वसाहतीत सनशाइन एंटरप्रायजेस या हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली होती. कामगार आतच झोपलेले होते. काही जण कसेबसे बाहेर पडले. सहा जण मेले.

ती बातमी गाडीतल्या प्रत्येकाने मोबाइलवर वाचलेली होती. कुणीतरी म्हणाले, "वाईट झालं." पुढे ढाब्यावर चहा कुठे घ्यायचा यावर चर्चा सुरू झाली. गाडी वाळूजमधून गेली आणि थांबली नाही.

हे आम्ही स्वतःबद्दल लिहितो आहोत, दुसऱ्या कुणावर आरोप करण्यासाठी नाही. मेलेले बिहारमधून आलेले गरीब मुस्लिम मजूर होते. आपल्या वस्तीतले नव्हते, आपल्या जातीचे नव्हते, म्हणून मोर्चा निघाला नाही, निवेदन गेले नाही, की आपल्यापैकी कुणी जिल्हाधिकाऱ्यांना भेटायला गेले नाही. सरकारने मदत जाहीर केली आणि शहर नववर्षाच्या तयारीला लागले. १९३८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी इथून जवळच, मनमाडला, रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले. त्यातला पहिला शत्रू आपल्याला तोंडपाठ आहे. दुसऱ्याचे नाव फक्त व्याख्यानात निघते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, बिडकीन, कुठल्याही कंपनीच्या ऑफिसात जा. एक शब्द सारखा कानावर पडतो : कम्प्लायन्स. "आमचं कम्प्लायन्स क्लिअर आहे." म्हणजे काय? पीएफचे चलन भरले आहे, ईएसआयचे भरले आहे, प्रदूषण मंडळाची संमती आहे, अग्निसुरक्षेचा दाखला आहे, प्रशिक्षणाचे रजिस्टर आहे. शहरात या कामाचे सल्लागार बसलेले आहेत, ते महिन्याच्या फीवर सगळी फाईल तयार करून देतात. एका कंपनीत (नाव इथे महत्त्वाचे नाही) कंत्राटी सफाई कामगारांच्या पगाराच्या तक्रारीसाठी आम्ही गेलो होतो. अधिकारी सभ्य होते, चहा दिला, फाईल पुढे केली. सुरक्षा प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर बावीस कामगारांच्या सह्या होत्या. त्यातल्या ज्या दोन बायका आमच्यासोबत आल्या होत्या त्या अंगठा लावतात. रजिस्टरवर त्यांच्या वळणदार सह्या होत्या, आणि इतर वीस जणांचे अक्षरही तेच.

हा अपवाद असेल असे म्हणणाऱ्यांना आम्ही कायद्याची रचनाच दाखवतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे असे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन सादर करायचे असते. एजन्सी कोण निवडतो? मालक. पैसे कोण देतो? मालक. पुढच्या जुलैत पुन्हा काम हवे असेल तर ती एजन्सी काय लिहील, याला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

जगभर हेच चालते. कराचीतल्या अली एंटरप्रायजेस या कपड्याच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. कामगारांशी चांगले वागणाऱ्या कारखान्याला ते देतात. काही आठवड्यांनी, ११ सप्टेंबरला, तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मेले. आग कुणी लावली यावर पुढे खटला चालला, पण बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या याचे उत्तर त्या खटल्यात नव्हते. प्रमाणपत्र युरोपातल्या खरेदीदारासाठी होते. आत शिवणकाम करणाऱ्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणून आम्ही म्हणतो, कम्प्लायन्स ही आजच्या उद्योगाची सोवळ्याची व्यवस्था आहे. अमुक कागद शिवला की मालक शुद्ध झाला. मेलेल्याचा विटाळ ठेकेदाराला, ठेकेदाराचा सुपरवायझरला, सुपरवायझरचा शेवटी मेलेल्यालाच : "त्यानेच बिडी ओढली असेल."

पण कायद्यात एक जागा अशी आहे जी मालकवर्गाला कधीच आवडली नाही, आणि ती आपल्या कार्यकर्त्यांनाही माहीत नाही. कारखाने अधिनियम १९४८ मध्ये 'भोगवटादार' असा शब्द आहे. कारखान्याच्या कारभारावर ज्याचा अंतिम ताबा, तो भोगवटादार. कामगाराच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याची. पूर्वी कंपन्या एखाद्या मॅनेजरला कागदोपत्री भोगवटादार करून मोकळ्या व्हायच्या. मॅनेजर तुरुंगात, संचालक क्लबात. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, कंपनी असेल तर तिच्या संचालकांपैकीच एक जण भोगवटादार मानला जाईल असे ठरले. कंपन्या याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की पगारी अधिकाऱ्याला पुढे करून संचालकाला सुटता येणार नाही. निर्णय कामगारांच्या बाजूने लागला. त्यानंतर आपण किती ठिकाणी भोगवटादाराचे नाव विचारले? आम्ही स्वतः २०२४ पर्यंत एकदाही विचारले नव्हते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने संचालक-भोगवटादाराची तरतूद ठेवली, मात्र स्वतंत्र संचालकांना त्यातून वगळले. अपघातात मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. यातला 'किंवा' नीट वाचा. जुन्या कायद्यात दंडाची किमान रक्कम पंचवीस हजार होती, म्हणजे रक्कम वाढली हे खरे, आणि दंडातला किमान निम्मा भाग वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकते. पण कैद अजूनही ऐच्छिक आहे. निरीक्षकाच्या नावात आता 'सुविधाकार' जोडला आहे. सर्वांत मोठी गोष्ट संख्येची. जुन्या केंद्रीय कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार असले की कारखाना होत असे, संहितेत २० लागतात. विजेशिवाय २० होते, आता ४०. वाळूजच्या गल्ल्यांमध्ये बारा-पंधरा मजूर ठेवून चालणारी शेडे मोजा. धोकादायक प्रक्रियेची अधिसूचना निघाली तर गोष्ट वेगळी, एरवी या शेडांमध्ये कायद्याच्या भाषेत कारखाना नाही, म्हणून भोगवटादारही नाही. जिथे दार एकच असते आणि मजूर मशीनशेजारी झोपतो, नेमकी तीच जागा कायद्याने सोडून दिली.

मोठ्या कंपन्या म्हणतील, ते लहान लोकांचे झाले, आम्ही तर दरवर्षी जबाबदारीचा अहवाल छापतो. छापतात, खरे आहे. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांना 'व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल' सक्तीचा केला. त्यात कर्मचाऱ्यांमध्ये स्त्रिया किती, अपंग किती, हे विचारले आहे. जात विचारलेली नाही. गंमत अशी की याच अहवालात पुढे वंचित घटकांचा उल्लेख येतो : सीएसआरच्या लाभार्थ्यांमध्ये ते किती टक्के, माल खरेदीत त्यांना प्राधान्य आहे का. म्हणजे दान घेणारे म्हणून आपली मोजदाद होते. पगार घेणारे म्हणून होत नाही, आणि सही करणारे म्हणून तर नाहीच.

सही करणारे कोण, ते २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तल्या एका अभ्यासाने मोजले. देशातल्या हजार आघाडीच्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर नऊ हजारांहून थोडे अधिक सदस्य, त्यात सुमारे ९३ टक्के सवर्ण. अनुसूचित जाती-जमाती मिळून ३.५ टक्के. त्याआधी २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले होते. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी तो प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. आज खाते बदलले आहे. हाउसकीपिंग, कँटीन, लोडिंग, भंगार, टाकी सफाई, या कामांवर कुठल्या वस्तीतली माणसे असतात हे बजाजनगर-रांजणगावात राहणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि या माणसांना आम्ही काय मिळवून दिले? सीएसआरची दप्तरे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. ते कायद्याचे पैसे आहेत, कुणाची मेहेरबानी नव्हे. तरी १४ एप्रिलला आपल्याच वस्तीत कंपनीचा बॅनर लागतो, मॅनेजर येतो, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो, वह्या वाटतो, आणि आपला कार्यकर्ता त्याला शाल देतो. आम्हीही दिली आहे. त्या दिवशी गर्दीत त्याच कंपनीत आठ वर्षे ठेकेदाराकडे काम करणारी एक ताई उभी होती, तिला दोन महिन्यांचा पगार मिळालेला नव्हता. कंत्राटी कामगार कायदा लागू असेल तिथे ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे कंपनीवर येते, हे आम्हाला माहीत होते. पण वह्या वाटून होईपर्यंत तो विषय काढायचा नाही असे आमच्यातच ठरले होते. तो ठराव आमच्या आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा ठराव आहे.

दोन आक्षेप येतील. पहिला नेहमीचा, फार ताणले तर कंपन्या गुजरातला जातील. कंपन्या जमीन, वीज, पाणी आणि बाजार बघून जातात. दुसरे दार ठेवायला सांगितले म्हणून कारखाना उठून गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

दुसरा आक्षेप अवघड आहे, कारण तो आपल्याच घरातून येतो. आपली मुले आता उद्योजक होत आहेत. स्टँड-अप इंडियातून मार्च २०२५ पर्यंत कर्ज मिळत होते, सरकारी खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांसाठी ४ टक्क्यांचे उद्दिष्ट आहे, डिक्कीसारखी संघटना आहे. वाळूजमध्ये शेड घेतलेला आमचा एक मित्र म्हणाला, "तुम्ही नियम मागता, पहिला बळी मी जाईन. मोठ्यांना सल्लागार आहेत, मला नाहीत." तो खोटे बोलत नाही. छोट्या उद्योजकावर निरीक्षकाचा हात आधी पडतो, त्यातही त्याचे आडनाव आमच्यासारखे असेल तर जास्त. यावर आमचे म्हणणे असे : त्याला स्वस्त कर्जात दुसरे दार, जिना आणि अलार्म बसवून देणारी योजना मागू, त्याच्यासोबत एमआयडीसीच्या ऑफिसात बसू. पण आपल्या माणसाच्या शेडमध्ये कामगार कडी लावून झोपवला जात असेल तर तिथेही नाव विचारू. १९४३ च्या डिसेंबरात व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री असताना बाबासाहेब धनबादकडच्या कोळशाच्या खाणीत स्वतः उतरले होते. खाणीची फाईल दिल्लीत बसूनही वाचता आली असती.

तर काम काय? औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात अर्ज. प्लॉट क्रमांक लिहून विचारायचे : इथल्या भोगवटादाराचे नाव व पद काय, शेवटची तपासणी कधी झाली, त्यात काय त्रुटी निघाल्या, पुढे काय केले. एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे जानेवारी आणि जुलैच्या प्रमाणपत्रांच्या प्रती. त्रयस्थाची माहिती म्हणून नकार येईल, तो आम्हाला दोनदा आला. तीस दिवसांत पहिले अपील करायचे आणि त्यात व्यापक जनहिताचा मुद्दा लिहायचा. अर्ज दहा रुपयांचा आहे. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला कंपनीचा पाहुणा येणार असेल तर त्याला आधी पत्र द्यायचे, तुमच्याकडे ठेकेदारीत किती माणसे, कुठल्या कामावर, पगार कधी झाला. उत्तर आणले तर हार घालू द्या.

येत्या ३१ डिसेंबरला आमची गाडी कोरेगावला जाताना वाळूजला अर्धा तास थांबणार आहे. सहा मेणबत्त्या लागतील आणि आलेल्या उत्तरांचे वाचन होईल, नाही आली तर न आलेल्या उत्तरांचे. ज्यांना पुढे उशीर होईल असे वाटते त्यांनी घरून अर्धा तास आधी निघावे. जयभीम.