फळ्यापाशी कोण उभे आहे?

१९९६ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दिल्लीतील प्रतिनिधी केनेथ कूपर यांनी बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकारांकडे एक साधी विनंती केली. एखाद्या दलित पत्रकाराशी बोलायचे आहे, कोणाचे नाव सुचवाल का? उनियाल यांनी आठवून पाहिले, मित्रांना विचारले, संपादकांना विचारले. नाव काही मिळेना. शेवटी त्यांनी केंद्र सरकारच्या पत्रसूचना कार्यालयाची अधिस्वीकृत पत्रकारांची यादीच समोर घेतली. नावे ६८६. त्यांपैकी ४५४ जण आडनावांवरूनच उच्चवर्णीय दिसत होते. उरलेल्या २३२ पैकी कोणतेही ४७ निवडून त्यांनी चौकशी केली. त्यांत एकही दलित निघाला नाही. १६ नोव्हेंबर १९९६ च्या 'पायोनियर'मध्ये त्यांनी ही हकिगत लिहिली.

दहा वर्षांनी, २००६ साली, अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी वृत्तपत्रे आणि वाहिन्यांमधील ३१५ निर्णयाधिकाऱ्यांची पाहणी केली. अनुसूचित जाती-जमातींचा त्यांत एकही नव्हता. २०१९ मध्ये 'ऑक्सफॅम इंडिया' आणि 'न्यूजलाँड्री' यांनी वृत्तसंस्थांतील १२१ नेतृत्वपदे तपासली. १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींची पाटी पुन्हा कोरीच. तीन पाहण्या, तेवीस वर्षे, आणि उत्तर एकच!

हे आकडे मुख्यतः दिल्लीचे आहेत, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे दलित साहित्याने लिहिणाऱ्यांची एक पिढीच्या पिढी उभी केली, हेही खरे. पण चांगले लिहिता येणे वेगळे आणि उद्याच्या अंकात काय छापायचे ते ठरवणे वेगळे. पहिल्याला प्रतिभा पुरते. दुसऱ्याला खुर्ची लागते.

या सगळ्याचे खापर संपादकांवर फोडणे सोपे आहे. माझा मुद्दा एक पायरी अलीकडचा आहे. संपादक, वार्ताहर, उपसंपादक आज बहुतांशी पत्रकारितेच्या वर्गांतून येतात. बातमी कशाला म्हणायचे, ती पहिल्या पानावर कधी जाते आणि आतल्या पानावर कधी, विश्वास कोणाच्या शब्दावर ठेवायचा, हे त्या वर्गात मनात रुजते. म्हणून त्या वर्गात बसते कोण, एवढेच विचारून भागत नाही. फळ्यापाशी उभे राहून शिकवते कोण, अभ्यासक्रम ठरवते कोण, विभागप्रमुखाच्या खोलीवर पाटी कोणाच्या नावाची, हे विचारले पाहिजे.

मी आयुष्याची पस्तीस वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. त्यांतली काही वर्षे कर्मचारी विभागात गेली. तिथे बिंदुनामावलीची एक जाडजूड वही असे. कितव्या जागेवर कोणत्या प्रवर्गातला माणूस यायचा, ते तिच्यात आधीच ठरलेले. वर्षाकाठी तिची तपासणी होई, आणि त्या दिवशी भल्याभल्यांना घाम फुटे. पण त्या वहीहून मोलाची वाटे ती पदोन्नतीपूर्व प्रशिक्षणाची पद्धत. अनुसूचित जाती-जमातींचे जे कर्मचारी अधिकारीपदाच्या परीक्षेला बसत, त्यांना बँक परीक्षेआधी बोलावून घेई आणि शिकवी. ज्याचे वडील किंवा काका बँकेत असतात, त्याला कर्जाचा प्रस्ताव कसा वाचायचा हे घरी जेवता जेवता कळत असते. ज्याच्या घरात बँकेचे पासबुकच पहिल्यांदा आले, त्याला हे कोण सांगणार? ती जेवणाच्या ताटावरची शिकवणी बँक वर्ग भरवून देत होती.

'गुणवत्तेचे काय?' हा प्रश्न तेव्हाही दबक्या आवाजात विचारला जाई. त्या वर्गांतून पुढे आलेल्या शाखाधिकाऱ्यांबरोबर मी काम केले आहे. त्यांच्या शाखांचे ताळेबंद इतरांसारखेच जुळत. उलट, वस्तीतल्या ज्या माणसाला बाकीचे दारातूनच परत पाठवत, त्याला कर्ज देऊन ते वसूल कसे करायचे, हे त्यांतल्या काहींना अधिक कळत असे. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत अशी वही नव्हती, असे प्रशिक्षणही नव्हते. मग यादीत नावे येणार कुठून?

निवृत्तीनंतर एका विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात भाषेवर चार व्याख्याने देण्याचा योग आला. मुलांना मी एक लहानसा स्वाध्याय दिला: आपल्या गावच्या आठवडी बाजारावर दहा ओळींची बातमी लिहा. बहुतेकांनी भाव लिहिले, गर्दी लिहिली, 'बाजार फुलला' असेही लिहिले. एका मुलीने मात्र बाजारात कोण कुठे बसते ते लिहिले होते. टोपल्या-सुपे विणणाऱ्या बायका अगदी शेवटी, गटाराच्या कडेला बसतात. जागेची पावती मात्र त्यांनाही इतरांएवढीच फाडावी लागते. दहा ओळींत पावतीची रक्कमही होती. वर्गातली खरी बातमी तेवढी एकच होती.

व्याख्यान संपल्यावर मी तिला म्हटले, "तू पुढे शिकवायला हवेस." ती हसली. म्हणाली, "सर, नेट झालंय माझं. पण पीएच.डी. करायची तर चार-पाच वर्षं घर कोण चालवणार? आणि तासिका तत्त्वावर शिकवून खोलीभाडं तरी सुटतं का?" माझ्यातल्या बँकवाल्याने मनातल्या मनात हिशेब केला. तो जुळत नव्हता.

हा हिशेब नीट मांडून पाहू. पत्रकारितेचा विभाग बहुधा लहान असतो. तीन-चार, फार तर पाच-सहा पदांचा. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अध्यापकांचे आरक्षण ठरवताना संपूर्ण विद्यापीठ नव्हे, तर एकेक विभाग हे एकक धरावे. त्या तेरा बिंदूंच्या नामावलीत चौथे पद इतर मागासवर्गीयांना आणि सातवे अनुसूचित जातीला मिळे. अनुसूचित जमातीचा क्रम लागे चौदावा! चार पदांच्या विभागात सातवे पद यायचे कधी आणि चौदावे कधी? कागदावर आरक्षण शाबूत आणि वर्गात माणूस नाही, असा हा प्रकार. यावर मोठे आंदोलन झाले. २०१९ साली आधी अध्यादेश आणि मग संसदेचा कायदा येऊन केंद्रीय शिक्षणसंस्थांपुरते पुन्हा संपूर्ण संस्था हे एकक ठरले. एका शब्दाच्या अर्थावर किती जणांची आयुष्ये टांगलेली असतात, ते यावरून कळावे.

पण कायदा झाला म्हणजे पद भरले जातेच असे नाही. पदे रिकामी राहतात आणि तासांच्या हिशेबाने माणसे आणून काम भागवले जाते. सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी. हवी; ती करायची तर फेलोशिप हवी. राज्यात 'बार्टी', 'सारथी', 'महाज्योती' अशा संस्था संशोधकांना फेलोशिप देतात, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्याच फेलोशिपसाठी २०२३ साली संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात दिवसेंदिवस बसावे लागले. पेरणी उलटून गेल्यावर मंजूर झालेले पीककर्ज शेतकऱ्याच्या काय कामाचे? उशिरा हातात पडणाऱ्या फेलोशिपचेही तसेच आहे. तोवर मुलगा संशोधन सोडून मिळेल त्या नोकरीला लागलेला असतो.

दिल्लीत तो प्रश्न कूपर यांनाच का पडावा? ते स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकन. त्यांच्या देशाने हा प्रश्न आधीच अंगावर घेतला होता. शहरांतील दंगलींची कारणे शोधणाऱ्या कर्नर आयोगाने १९६८ साली वृत्तपत्रांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. संपादकीय नोकऱ्यांत कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहून कमी आहेत आणि संपादक व वरिष्ठांत एक टक्क्याहून कमी, असे आयोगाने सांगितले. १९७८ मध्ये तिथल्या वृत्तपत्र संपादकांच्या संघटनेने जाहीर केले की, २००० सालापर्यंत लोकसंख्येतील अल्पसंख्य वंशगटांचे प्रमाण आणि वृत्तपत्रांतील त्यांचे प्रमाण सारखे करू. सुरुवात सुमारे चार टक्क्यांवर होती. २००० साल उजाडले तेव्हा गाडी बारा टक्क्यांच्या आसपास अडली होती, आणि लोकसंख्येतले प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात गेले होते. उद्दिष्टाची तारीख आधीच पुढे ढकलावी लागली होती.

नुसता आकडा ठरवून काय होते, याचा हा धडा. पण त्याच देशात दुसराही धडा आहे. रॉबर्ट मेनार्ड या कृष्णवर्णीय पत्रकाराने सहकाऱ्यांसह १९७७ मध्ये पत्रकारितेच्या शिक्षणासाठी एक संस्था काढली. नवोदितांना नोकरीला लावून देण्यावर ती थांबली नाही. त्यांच्यातून संपादक आणि व्यवस्थापक घडावेत, यासाठी तिने प्रशिक्षण दिले. १९८३ साली मेनार्ड स्वतः 'ओकलंड ट्रिब्यून'चे मालक झाले.

हे समजायला अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयात सरकारी नोकरीत, म्हणून संपादक म्हणून नाव लागले पांडुरंग भटकर यांचे. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. पुढे पत्राची ओढाताण झाली आणि १९२३ मध्ये ते बंद पडले. पाठीशी पैसा उभा राहिला, तेज तर होतेच. नव्हती ती दुसरी फळी. दुसरी फळी एका माणसाच्या तळमळीतून उभी राहत नाही. ती घडवायला शाळा लागते, शिक्षक लागतात. तानूबाई बिर्जे यांनी १९०६ पासून काही वर्षे 'दीनबंधु' चालवला. वृत्तपत्राच्या संपादकपदी बसलेली देशातली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्यानंतरची दुसरी तानूबाई घडवण्याची जबाबदारी मात्र कोणत्याच संस्थेने घेतलेली नव्हती.

आणि घडवले तर काय होते, हेही डोळ्यांसमोर आहे. बुंदेलखंडातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली 'खबर लहरिया' निघाले. ज्यांना फारसे शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते, अशा दलित आणि ग्रामीण बायकांना तिथे बातमी शिकवली गेली. पुढे त्यांनी हातात मोबाइल घेतले; त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझमने दलित व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या ठेवल्या. म्हणजे करायचे ठरवले तर होते.

मग करायचे काय? माझ्या मते चार गोष्टी, आणि एकीलाही फारसा खर्च नाही. वृत्तपत्रांनी उमेदवारीच्या काळात विद्यार्थ्यांना विद्यावेतन द्यावे. पुण्या-मुंबईत दोन महिने फुकट राबणे ही फक्त घर जवळ असलेल्यांना परवडणारी चैन आहे. मोठ्या वृत्तसमूहांनी पुरस्कारांच्या सोहळ्यांवरचा थोडा पैसा वळवून पत्रकारितेत संशोधन करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या मुलामुलींना फेलोशिप द्यावी, आणि ती दर महिन्याच्या एक तारखेला द्यावी. विद्यापीठांनी रिकामी पदे भरावीत. आणि ज्यांना पदे मिळाली, त्यांना अभ्यासमंडळे, निवड समित्या, अंदाजपत्रके यांचे काम ज्येष्ठांनी हाताला धरून शिकवावे. विभागप्रमुख होण्याचे शिक्षण कोणत्याच पुस्तकात नसते. ते खुर्चीजवळ बसूनच मिळते.

यात कोणावर उपकार नाहीत. बँकेत आम्हांला शिकवले जाई की, सगळे कर्ज एकाच धंद्यात गुंतवू नये; तो बुडाला की बँक बुडते. वृत्तपत्रही एकाच आळीतल्या अनुभवावर चालले, तर उरलेल्या गावात काय शिजते आहे ते त्याला कळत नाही, आणि एके दिवशी गाव त्याचे वर्गणीदार राहत नाही. घरोघरी रविवारचा चहा घेत अंक उघडणाऱ्या प्रत्येकाचा यात स्वार्थ आहे. बाजाराच्या टोकाला, गटाराच्या कडेला बसलेल्या बायकांची पावती मला अंकात वाचायला हवी आहे. ती लिहिणारी मुलगी तयार आहे. पुढच्या शंभर मुलांना तशी बातमी लिहायला तिने शिकवावे, एवढी सोय आपल्याला करायची आहे.