खारं म्हणजे आम्लारी नव्हे!



‘आम्ल, आम्लारी ओळख’ हा धडा आपण कसा शिकवतो? निळा लिटमस लाल, लाल लिटमस निळा. मुलं घोकतात, मार्कही मिळवतात. पण जुन्या शहरातल्या एखाद्या वर्गात विचारून बघा, "खारपाण पट्ट्यातलं पाणी खारं आहे, म्हणजे ते काय?" उत्तर हमखास येतं, "सर, खारं म्हंजे बेसच नं!"

गोंधळ शब्दातच आहे. आपल्या मराठी पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ, जसं मीठ. हिंदी व्हिडिओत मात्र क्षार म्हणजे अल्कली. आपली मुलं दोन्ही ऐकतात. तेव्हा हा फरक फळ्यावर लिहून द्यायलाच हवा.

मग प्रयोग करा. कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा. एक थेंब मीठपाण्याचा, एक लिंबाचा, एक पापडखाराच्या पाण्याचा. लिंबू आणि मीठ दोन्हीकडे कागद पिवळाच राहतो, पापडखाराने लालसर होतो. चव खारी म्हणून पदार्थ आम्लारी ठरत नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं. (अनोळखी पदार्थ चाखायचा नाही, हेही याच तासाला सांगा.)

आता घराजवळ या. श्रावणात ज्या पूर्णेचं पाणी गांधीग्रामहून कावडीने राजराजेश्वराला येतं, तिच्याच खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्याचा खारपाण पट्टा आहे. कित्येक मुलांचे आजोबा, मामा तिथे शेती करतात. त्यांच्याकडची मृदा आरोग्य पत्रिका वर्गात मागवा. तिच्यावर दोन वेगळे आकडे असतात: सामू आणि विद्युत वाहकता. वाहकता सांगते विरघळलेले क्षार किती, सामू सांगतो जमीन आम्लधर्मी की आम्लारीधर्मी. सामू 7 वरून 8 झाला तर फरक 1 चा दिसतो, पण असतो 10 पटींचा.

सामू 8.5 च्या वर आणि मातीत सोडियम जास्त, तर जमीन चोपण होते. पाणी मुरत नाही, वाळली की दगडासारखी. पुस्तकाप्रमाणे मुलं म्हणतील, "आम्ल टाका!" शेतकरी टाकतो जिप्सम. ते आम्ल नाही, क्षारच आहे! त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतं, मोकळा झालेला सोडियम पाण्यासोबत खाली निघून जातो. म्हणून निचराही लागतोच.

माझं म्हणणं एवढंच आहे: लिटमसचा रंग परीक्षेपुरता पुरतो. पण जिप्समवर पैसे घालायचे की नाही, हे ठरवताना घरात पत्रिका वाचणारं कोणी तरी हवं. ते आपलं आठवी-नववीतलं लेकरू असू शकतं. पालकहो, पत्रिका कपाटात ठेवू नका, त्याच्या हातात द्या. आणि सर-मॅडम, एक तास तिच्यासाठी काढाच.